बोरकुटे भाऊजींची न गंजणारी सुरी

मागच्या महिन्यात सूनबाईनं सुऱ्यांचा एक संच आणला. लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या, लहानमोठ्या, चकचकीत. मी विचारलं, "धार गेली की काय करायचं?" तर म्हणते, "नवा आणायचा, आई." मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग ओट्याशी उभी राहून कांदा चिरता चिरता मला दिवसभर बोरकुटे भाऊजी आठवत राहिले. एका सुरीपायी या माणसानं आमच्या क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीचं डोकं उठवलं होतं.

आम्ही भिलाईत आलो तेव्हा पोलादाचा प्लांट उभा होत होता. क्वार्टरच्या भिंतींचा चुना अजून ओला होता, समोर रस्ता म्हणून नुसता लाल मुरूम ओतलेला होता, आणि दोरीवर धोतर घाला की लुगडं, संध्याकाळपर्यंत ते तांबूस व्हायचंच. आमचे हे टाइम ऑफिसात कारकून. शेजारी बोरकुटे राहायचे. ते ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन, मूळचे भंडाऱ्याकडचे, घरी शेती. त्यांच्या बायकोला, सरूबाईला, मी पहिल्याच आठवड्यात ताई म्हणू लागले, म्हणून ते आपोआप भाऊजी झाले.

भाऊजी म्हणजे काडीपैलवान. खिशात पेन्सिली, कानावर पेन्सिल, आणि बोटांवर काळ्या शाईचे डाग, जे आंघोळीनं जायचे नाहीत आणि पूजेला बसताना सरूताईला दिसायचे. पेन्सिल ते स्वतःच्या हातानंच तासायचे आणि तिचं टोक छिन्नीसारखं चपटं ठेवायचे. कुणी पेन्सिल मागितली तर देत नसत. "तुमाले काय लिव्हाचं हाय ते सांगा, मी लिव्हून देतो," म्हणायचे. धोब्याचा हिशेब असला तरी.

दुसरं म्हणजे, कागदावर काढल्याशिवाय हा माणूस काही म्हणता काही करत नसे. कॅलेंडरला खिळा मारायचा असो की कोंबडीला खुराडं करायचं असो, त्यांचं एकच वाक्य, "आधी कागद आना." माझा मोठा मुलगा झाला तेव्हा पाळण्याच्या दोऱ्या किती लांब घ्यायच्या, हे मी सहज विचारलं. संध्याकाळी भाऊजी हे एवढं मोठं भेंडोळं घेऊन आले. त्यात आढं, हूक, दोरी, पाळणा, सगळं मापासकट होतं, आणि पाळण्यात एक लांबट भोपळा काढलेला होता. मी म्हटलं, "हे काय?" म्हणाले, "बाळ. वरून पायलं का असंच दिसते." सरूताई पदर तोंडाला लावून किती वेळ हसत होती.

सरूताई त्यांच्या अगदी उलट. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. तिच्याकडे तिच्या आईची विळी होती, काळीकुट्ट लोखंडी, पाटाला पायाच्या घामानं तुकतुकी आलेली. एक गुडघा उभा करून, पाटावर पाय रोवून ती बसली की पत्ताकोबी शेवयांसारखी खाली पडत जायची. गणपतीत आमच्या सेक्टरातली सगळी मराठी घरं एकत्र जेवायची, नागपूरची, वर्ध्याची, गोंदियाची, प्लांटातल्या साहेबांपासून ओझी उचलणाऱ्या खलाशांपर्यंत. स्वयंपाकाला बाया पुष्कळ, पण विळीवर सरूताईच. साहेबांच्या बायकासुद्धा तिच्याकडे भाजीची टोपली सरकवून गप्प बसायच्या. ती हातानं चिरायची आणि तोंडानं सगळ्यांची उणीदुणी काढायची, दोन्ही एकाच चालीत.

आता ती सुरी. भाऊजींच्या सेक्शनात प्लांट उभारायला आलेला एक रशियन होता. वयानं मोठा, गालांनी लाल, रविवारी मरोद्याच्या तलावावर गळ टाकून बसायचा. त्याला मराठी येत नव्हतं आणि भाऊजींना रशियन, पण दोघांना रेघ यायची, त्यामुळे त्यांचं जमलं. तो परत जायला निघाला तेव्हा आपली मासे साफ करायची सुरी भाऊजींना देऊन गेला. चांगलं वीतभर पातं, पोटाला फुगीर, टोक अणकुचीदार, आणि पाठ एकावर एक ठेवलेल्या दोन बंद्या रुपयांएवढी जाड. मिटायची वगैरे नाही, पातं मुठीत कायमचं बसवलेलं. आणि स्टेनलेस. म्हणजे गंजत नाही.

हे 'गंजत नाही' भाऊजींच्या डोक्यात बसलं. तेव्हा भिलाईत पावसाळ्यात काय गंजत नव्हतं? कड्या, बिजागऱ्या, बादल्या, सायकली, देवाची समई ठेवायची तिवई. आणि हे पातं म्हणे गंजत नाही. त्यांनी ते मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिलं, ताकात ठेवून पाहिलं. एक दिवस सरूताईच्या किंचाळण्यानं मी धावत गेले. तिनं लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडली होती आणि आत सुरी उभी होती.

"माह्या लोणच्यात सुरी ठेवून राहिले तुमी?"

"आठवडा झाला ना," भाऊजी शांतपणे म्हणाले आणि सुरी काढून, पुसून, आम्हाला दाखवली. "पाय. एक डाग नाई."

"डाग गेला चुलीत. लोणचं कोन खाईन आता?"

"मी खाईन," भाऊजी म्हणाले, आणि खरंच, वर्षभर त्या बरणीतलं तेच एकटे खात होते.

त्याच श्रावणात सरूताई न्हाणीघरात घसरून पडली. गुडघा असा मोडला की दवाखान्यात प्लास्टर घातलं ते नवरात्राच्या तोंडाशी निघालं. प्लास्टर निघालं, पण पाय काठीसारखा ताठ राहिला. उभं राहता यायचं, काठी टेकत चालता यायचं, खाली बसता यायचं नाही. आणि आमचे स्वयंपाक तेव्हा सगळे खाली बसून. शेगडी खाली, पाटा खाली, विळी खाली.

आम्ही शेजारणी आळीपाळीनं भाजी-पोळी नेऊन द्यायचो. ती घ्यायची, पण आमच्याकडे बघायची नाही. पहिल्यांदा मला राग आला. म्हटलं, एवढं करून तोंड पाडून बसते. एके दिवशी मी डबा ठेवला तर म्हणाली, "तुही भाजी चांगली असते व. पन माह्या घरात दुसऱ्याच्या हातचं खाऊन मी इथं काय पाहुणी म्हणून राहू काय?" नंतर कळलं की तिनं माहेरी निरोप धाडला होता. दिवाळी झाली की भाऊ येऊन तिला घेऊन जाणार. भाऊजींनी मला हे सांगितलं तेव्हा कानावरची पेन्सिल काढून ती पुन्हा कानावरच ठेवत होते. "गेली म्हणजे वापस येत नाई ती," म्हणाले. "मी ओळखतो हिले."

शेगडीचा प्रश्न त्यांनी लगेच सोडवला. कागद काढला, गवंडी आणला, विटांचा कमरेएवढा कट्टा बांधून शेगडी त्यावर चढवली. सरूताईनं कट्टा पाहिला आणि म्हणाली, "शिजवाले उभी राहीन. पन चिराले? तुमी चिरून देसान आन मी नुसती हालवू काय?" मी मधे पडून म्हटलं, विळीच टेबलावर ठोकून घेऊ. तर तिनं मलाच झापलं. "माह्या मायच्या इळीले खिळा मारला तं दिवाळीची वाट नाई पायत. आजच जातो."

तेव्हा भाऊजींनी ती सुरी बाहेर काढली. उभ्यानं चिरायचं तर सुरीनंच, आणि न गंजणारं पातं घरात आहेच. त्यांना वाटलं, झालं काम. मीच पहिला बटाटा चिरून पाहिला. बटाटा चिरला गेलाच नाही. पातं आत शिरलं आणि लाकडात पाचर ठोकावी तसा बटाटा तडकला, अर्धा तुकडा उडून शेगडीमागे. टमाटर तर चेपूनच गेलं.

धार लावणं वेगळं आणि पात्याचा आकार बदलणं वेगळं, हे मला त्या दिवसांत कळलं. भाऊजींनी मला ते कागदावर दाखवलं, मी नको म्हणत असताना. सुरी मधून कापली तर कशी दिसेल, ते त्यांनी मोठं करून काढलं होतं. धार बारीक होती, पण धारेच्या मागे लगेच पातं जाड होत होतं. कारण ती माशांच्या हाडांसाठी होती, वांग्यांसाठी नव्हती. "दोन्ही गाल उतरवाव लागतीन," ते पात्याच्या दोन्ही बाजूंवर बोट ठेवत म्हणाले. मग त्याच कागदावर त्यांनी जाड सुरीच्या पोटात एक बारीक सुरी काढली.

आधी ते पॉवर हाउस भागातल्या बाजारात सायकलवर चाक फिरवून धार लावणारा असतो त्याच्याकडे गेले. त्यानं म्हटलं, "बाबूजी, मक्खन काटेगी," आणि पॅडल मारायला लागला. ठिणग्या पाहून भाऊजी खूश. आणि मग टोकाशी पातं निळं पडलं. भाऊजींनी त्याच्या हातातून सुरी हिसकावली. पोलादाला जास्त ताव बसला की त्याचा कडकपणा जातो, मग तिथं धार टिकत नाही, हे प्लांटातल्या माणसाला सांगावं लागत नाही. घरी आले ते मयताहून आल्यासारखे. टोकाचा निळा भाग सगळा घासून टाकावा लागला. सुरी बोटाच्या एका पेरानं आखूड झाली.

त्यानंतर सगळं हातानं. साधा दगड त्या पात्याला लागेना, नुसता घसरायचा. जामुलच्या सिमेंट कारखान्यात त्यांच्या ओळखीचा एक फिटर होता, त्याच्याकडून धार लावायच्या कडक कुरुंदाचे दोन दगड आणले, एक खरबरीत, एक मऊ. ड्यूटीवरून आले की ओसरीत पोतं अंथरून बसायचे. दगड पाण्यानं भिजवायचा, पात्याच्या पाठीखाली पेन्सिल सरकवायची म्हणजे कोन हलत नाही, आणि घासायचं. धारेच्या गालाला आधी ड्रॉइंगची काळी शाई फासायचे, मग घासून बघायचे की शाई कुठून गेली आणि कुठं राहिली. राहिली तिथं दगड लागत नाही. मग पुन्हा शाई.

खर्र, खर्र, खर्र. रोज संध्याकाळी. माझं बाळ झोपायच्या वेळेला. मी एकदा भिंतीवर लाटणं आपटलं. पलीकडून आवाज आला, "थोडंसंच राहिलं." ते थोडंसं दसरा होऊन गेला तरी राहिलेलंच होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळी, कोयता, कात्री, काय असेल ते मांडायचं, हळदकुंकू लावायचं, आणि त्या दिवशी त्यानं काही चिरायचं नाही. भाऊजींनी आपली पट्टी, कर्कटक आणि पेन्सिली मांडल्या आणि शेजारी हळूच सुरी ठेवली. सरूताईनं काठीच्या टोकानं सुरी बाजूला सारली. "ज्यानं अजून घरचं काम केलं नाई, त्याले पूजा कायची?" भाऊजींनी सुरी उचलून ओसरीत नेऊन ठेवली. त्या दिवशी घासली मात्र नाही, तेवढा नेम पाळला.

मग मऊ दगडाचे दिवस आले. एका बाजूनं घासलं की धारेचा बारीक पापुद्रा दुसऱ्या बाजूला उलटतो, डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. तो काढायला चामडं हवं म्हणून त्यांनी आमच्या ह्यांचा पट्टा मागून नेला. हे दोन दिवस पॅन्टला सुतळी बांधून ऑफिसला गेले. मी विचारलं, "तुम्ही नाही म्हणून का नाही सांगितलं?" तर हे म्हणाले, "त्याची बायको चालली आहे. मी पट्टा नाही देऊ?"

दिवाळीनंतरच्या रविवारी भाऊजींनी आम्हाला बोलावलं. भावाचा निरोप आला होता, दोन-तीन दिवसांत पोचतो म्हणून. स्वयंपाकघरात कमरेएवढं टेबल, त्यावर धुतलेली फळी, फळीवर सुरी. पातं आता पहिल्यासारखं दिसतच नव्हतं. गाल उतरून ते वरपासून खालपर्यंत सपाट निमुळतं झालं होतं. भाऊजींनी एक टमाटर घेतलं, सुरी नुसती त्यावर ठेवून ओढली, आणि चकती पडली, पातळ, आरपार दिसणारी. त्यांनी ती खिडकीसमोर धरली. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"ये," ते सरूताईला म्हणाले. "आता तू."

सरूताई काठी टेकत आली, टेबलाला टेकून उभी राहिली. उजव्या हातात सुरी घेतली, डाव्या हातात वांगं. आणि आम्ही सगळे बघत असताना तिनं सुरी तशीच धरून ठेवली आणि वांगं सुरीवर नेलं. तिला सुरी हलवायचं सुचलंच नाही. जन्मभर विळी एका जागी आणि भाजी हातात. वांगं चिरलं गेलं आणि मागोमाग अंगठाही.

तिनं सुरी खाली ठेवली आणि अंगठा पदरात धरला. "मी भाजीले इळीकडं नेतो," ती म्हणाली. "इथं सुरीले भाजीकडं आनाव लागते. जलमभराचा हात हाय माहा. आता नाई शिकत." मग भाऊजींकडे बघून, हळू आवाजात, जी तिची पद्धत नव्हती, म्हणाली, "तुमी लय केलं. राहू द्या आता."

ती आत जाऊन पडली. भाऊजी फळीवरचं रक्त पुसत बसले. नंतर मला म्हणाले, "कागदावर सगळं होतं. हिचा हात नव्हता."

त्या संध्याकाळी ओसरीतून आवाज आला नाही. इतके दिवस त्या खर्रखर्रला शिव्या घातल्या मी, आणि त्या दिवशी बाळ निवांत झोपलं तर मलाच चैन पडेना. वाईट वाटत होतं, दोघांचंही. आणि त्याहून राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी आमच्या दारात. सुट्टी टाकली होती. म्हणाले, "तुमी भाजी चिरान काय? मले पायाची हाय."

मी म्हटलं, "काय पाहायची आहे?"

"चिरताना पायाची हाय."

आता परपुरुष समोर बसून हाताकडे टक लावून बघणार म्हटल्यावर कुणाला बरं वाटेल? मी दार सताड उघडं ठेवलं आणि विळी घेऊन बसले. गवार होती. भाऊजी उंबऱ्याशी उकिडवे बसले. हातात पेन्सिल होती, पण कागद नव्हता. संसाराला इतकी वर्षं झाली, दोन वेळा चिरलेलं खाल्लं, आणि विळीवर बाई काय करते हे या माणसानं कधी बघितलंच नव्हतं. ते ओसरीत पेपर वाचायचे ना तेव्हा.

"दोन्ही हात भाजीवर हायेत," ते बऱ्याच वेळानं म्हणाले. "हत्यारावर एकबी नाई."

"मग हत्याराला धरायला पाय आहे ना पाटावर."

"पायबी काम करून राहिला," ते म्हणाले, जणू मी त्यांना प्लांटचं गुपित सांगितलं. आणि उठून गेले. आभार नाही, काही नाही.

दुपारी ठोकाठोक ऐकून मी गेले तर सुरीची मूठ फोडलेली. नुसतं पातं आणि त्याची मुठीत बसणारी मागची पट्टी उरली होती. ती पट्टी त्यांनी सागाच्या ठोकळ्यात बसवून बोल्टनं आवळली आणि ठोकळा टेबलाच्या कडेला पक्का केला. सुरी टेबलावर उभी, धार आपल्याकडे. विळीच, पण उभ्या माणसाची. सरूताई दारात काठीवर भार देऊन बघत होती.

"ये अन् सांग," भाऊजी म्हणाले.

"मी काय सांगू?"

"तुले कशी पायजे ते."

ती आली. पाटावरच्या पायाच्या जागी तिनं पोटानं टेबल दाबून धरलं, दोन्ही हातांत वांगं घेतलं आणि धारेवर नेलं. वांगं वर सटकलं. "वाकडी करा जराशीक. माह्याकडं." भाऊजींनी बोल्ट सैल करून पातं तिच्याकडे झुकवलं. "अजून. हां. आता पोट लागून राहिलं मधात."

"कोनाचं?"

"सुरीचं. तुमाले कुठं हाय पोट?"

विळीचं पातं आत वळलेलं असतं, भाजीला कवेत घेतं. सुरीचं पोट बाहेर, भाजीला ढकलतं. भाऊजींनी पातं काढलं, खरबरीत दगडावर पोट सपाट करायला बसले. घासायचं, लावायचं, तिनं चिरून बघायचं, नाक मुरडायचं, पुन्हा काढायचं. कोहळ्याच्या सालीवर धार वळली, कारण हौसेनं फारच बारीक केली होती. मग दगडावर पातं थोडं उभं धरून धार जरा जाड केली. शेवटी टोक. टोक उभ्या बाईच्या छातीकडे येत होतं. त्या रशियनाच्या सुरीचं उरलंसुरलं नाक त्यांनी गोल घासून टाकलं, जरासुद्धा हळहळ न करता.

माझ्या लक्षात आलं की कागद कुठंच नाही. मी विचारलं, "भाऊजी, कागद?"

"कागदाले काय मालूम?" ते म्हणाले आणि सरूताईकडे बघून, "बोल, अजून?"

"थांबा," ती म्हणाली. तिनं वांगं धारेवर नेलं. एक फोड पडली, मग दुसरी, आणि मग तिचा हात जुन्या चालीनं सुटला. घरातली सगळी वांगी झाली. कांदे झाले. कोहळं झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुह्या घरी काय हाय चिराले?" मी धावत घरी गेले, उरलेली गवार आणि पत्ताकोबी उचलून आणली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी कांद्याला दोष देत होते. भाऊजी टेबलापलीकडे उभे होते, कोपरापर्यंत पोलादाच्या काळ्या चिखलानं माखलेले. त्यांनाही हुंदका आला असावा, कारण सरूताई न बघताच म्हणाली, "जा, हात धुवा आधी. अन् तोंडबी."

भाऊ आला तो तिसऱ्या दिवशी, रिकामी पेटी घेऊन, बहिणीचं सामान न्यायला. स्वयंपाकघरात येऊन बघतो तर बहीण उभी राहून त्याच्यासाठी भाजी चिरतेय आणि एकीकडे शेजारच्या बंगालणीची उणीदुणी काढतेय. तो म्हणाला, "बाई, निघाचं न?" ती म्हणाली, "तू निघ. पन जेवून जाय. मी कुठं येऊन राहिली?"

पुढच्या खंडेनवमीला मी हळदकुंकवाला गेले. तिच्या आईची विळी मांडली होती आणि टेबलावरच्या सुरीच्या पात्यालाही कुंकू लावलेलं होतं, ठसठशीत, दोन्ही गालांवर.

नंतर आमची बदली दुसऱ्या विभागात झाली, क्वार्टर बदललं, येणं-जाणं कमी झालं. भाऊजी निवृत्त होऊन खुर्सीपारच्या बाजूला दोन खोल्या बांधून राहिले, असं ऐकलं होतं. धाकट्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला म्हणून मी गेले. माझेच केस पांढरे झाले होते, मग त्यांचं काय सांगू. सरूताई खुर्चीत बसली होती. तिचे हात आता थरथरत होते, चमचासुद्धा सांडत होता, पण आवाज तोच होता. आणि टेबलाशी, त्या उभ्या सुरीसमोर, पोटानं टेबल दाबून, दोन्ही हातांत मेथी धरून भाऊजी उभे होते. अगदी तिच्यासारखे. पातं घासून घासून निम्मं उरलं होतं, पण गंजाचा एक डाग नव्हता.

"बारीक करा," सरूताई सांगत होती. "अजून जराशीक."

"हो जी," भाऊजी म्हणत होते.

मी पत्रिका दिली, बसले, आणि उठताना गुडघ्याला हात लावून सहज बोलून गेले, "भाऊजी, मलाही असं एक करून द्या. माझाही गुडघा आता बसू देत नाही." मी थट्टेनंच बोलले होते. त्यांनी मेथी खाली ठेवली. हात पुसले. कानाशी हात गेला, तिथं पेन्सिल अजून होती, पण ती त्यांनी काढली नाही. टेबलापासून बाजूला झाले आणि मला तिथं उभं केलं. उरलेली मेथीची जुडी माझ्या हातात दिली.

"चिरा," म्हणाले. "आधी तुमचे हात पाहू द्या."

"आता घंटाभर पायतीन हे," सरूताई खुर्चीतून म्हणाली. "तू चिर व. मी शेजारच्या पोट्टीले चहा ठेवाले सांगतो."

मी मेथी चिरत राहिले. भाऊजी वाकून, चष्मा वर सरकवून, माझ्या हातांकडे बघत राहिले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत, माझी उभी सुरीही राहूनच गेली.